थांबण्याची ऐपत

आधी श्वास भरून घ्या. पहिला थांबा पाण्याखाली आहे. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात पिएमोंते प्रदेश आहे, त्यात लांगे नावाचा टेकड्यांचा पट्टा आणि त्या टेकड्यांत बारोलो हे छोटंसं गाव. तुम्ही नेमके तिथेच उभे आहात, फक्त एक कोटी वर्षं लवकर आलात. डोक्यावर समुद्र आहे आणि पायाखाली निळसर राखाडी गाळ. पश्चिमेकडे आल्प्स वर सरकतोय. त्याची झिजलेली माती वाहत येऊन तळाशी बसतेय आणि तिच्यात सागरी जीवांच्या कवचांचा चुना मिसळतोय. बघण्यासारखं फार नाही. पण ज्या वाइनसाठी आपण निघालोय तिच्या स्वभावाचा अर्धा निकाल इथेच लागतोय, म्हणून घोटाभर गाळात क्षणभर थांबा. हा गाळ पुढे बारोलो आणि ला मोर्रा या गावांची जमीन होणार आहे. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोंफोर्तेच्या खाली याहून जुने, वाळूखडकाचे कठीण थर आहेत. त्या बाजूची वाइन अडेल, या बाजूची जरा लवकर बोलती होते. दोन्ही माती जिथे एकमेकींना भिडतात त्या लांबट टेकडीचं नाव कान्नुबी. आपला मुक्काम तिच्यावर.

समुद्र हटणं, जमीन उचलली जाणं, तानारो नदीने उत्तरेचा जुना मार्ग सोडून पूर्वेला वळणं, तिच्या ओढ्यांनी मऊ थर कोरून हे उभे उतार तयार करणं, हे सगळं मी गाळतो. प्रवासाचा नियम एकच: टेकडी बदलायची नाही, वर्ष बदलायचं. कामापुरतं खाली उतरून आल्बाच्या बाजाराला किंवा राजधानी तोरिनोला जायची मुभा आहे.

१७५२. ऑक्टोबरचा शेवट. धुकं इतकं की पलीकडच्या ओळीतला माणूस दिसत नाही, त्याचं खोकणं तेवढं ऐकू येतं. बाकीच्या जातींची द्राक्षं कधीच उतरवून झालीत. उरलाय तो नेब्बिओलो. वसंतात हा वेल सगळ्यांआधी फुटतो आणि शरदात सगळ्यांच्या शेवटी पिकतो. म्हणजे उशिराच्या हिमात कोवळी फूट जळायची भीती याला, आणि तोडणीच्या तोंडावर आलेल्या पावसात घड कुजायची भीतीही यालाच. हौसेने लावावं असं हे वाण नव्हे. तरी तेराव्या शतकातल्या कागदपत्रांत त्याचं नाव सापडतं, आणि ला मोर्रा गावाच्या १४३१च्या नियमावलीत हे वेल तोडणाऱ्याला शिक्षा सांगितलेली आहे. कोणीतरी त्याच्यावर जीव लावून होतं, एवढं नक्की.

बारोलो नावाची वाइन मात्र अजून जन्मलेली नाही. गाव फाल्लेत्ती घराण्याच्या जहागिरीत आहे, गावाच्या नावाची वाइन नाही. टेकडीचं नाव आहे. शेजारच्या ब्रा गावातल्या एका घराण्याने ‘कान्नुबी १७५२’ असं लिहिलेली बाटली आजही जपून ठेवलेली आहे.

तळघरात या. लाकडी टाकीत तुडवलेली द्राक्षं आंबताहेत, पण रेंगाळत. नोव्हेंबर आलाय, भिंती गार पडल्यात आणि थंडीने यीस्टचं काम अर्ध्यावर थांबतं. साखर रसात शिल्लक राहते. मार्चमध्ये ऊब आली की उरलेली साखर पुन्हा आंबू लागते, बुडबुडे येतात. तुमच्या हाती जो पेला दिला जातो त्यातली वाइन फिकट लाल, गोड आणि फसफसणारी आहे. चांगली आहे की, प्या! शेजारी उभा असलेला माणूस ती पीत नाही. तो जमीन अर्धेलीने कसतो. मालकाचा वाटा देऊन, उरलेलं विकून, पिळलेल्या सालींवर पाणी ओतून जो पातळ लालसर द्रव निघतो तो त्याच्या घरी वर्षभर प्यायचा. या माणसावर नजर ठेवा. तो वेगवेगळ्या तोंडवळ्याने पुढे भेटत राहणार आहे.

एक उडी तोरिनोला, एप्रिल १७८७. इथल्या मुक्कामात एक उंच, तांबूस केसांचा परदेशी नेब्बिओलोची चव घेऊन टिपण करतोय. अमेरिकेचा फ्रान्समधला राजदूत थॉमस जेफरसन. त्याने या वाइनला तीन मापं लावली: गोडव्याला मदेरा, तुरटपणाला बोर्दो, उसळीला शॅम्पेन. तिन्ही एकाच पेल्यात. आजच्या बारोलोशी यातला मधला शब्द तेवढा जुळतो, पण तो शब्द पुरेसा आहे. तुरटपणा तेव्हाही होता, फक्त साखरेच्या पांघरुणाखाली. जाता जाता सांगतो, जेफरसनचं खरं काम वाइन नव्हतंच. त्याला पिएमोंतेचं भाताचं बियाणं हवं होतं, आणि ते देशाबाहेर नेणाऱ्याला देहदंड होता. त्याने कोटाच्या खिशात भरून नेलं. मोठ्या माणसांच्या चोऱ्या इतिहासात किश्श्यांमध्ये जमा होतात.

आता १८४०, बारोलोची गढी. इथे जरा बसू.

गढीची मालकीण जुलिया कोल्बेर फाल्लेत्ती, मार्केझा दी बारोलो. जन्माने फ्रेंच, आप्तांपैकी काहींची डोकी क्रांतीत गिलोटिनखाली गेलेली. १८०६ साली तिचं फाल्लेत्ती घराण्यातल्या तांक्रेदीशी लग्न झालं, १८३८ साली तो वारला, मूलबाळ नाही. ही बाई वर्षानुवर्षं तोरिनोच्या तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांना वाचायला-लिहायला शिकवते, त्यांच्यासाठी आसरे काढते. तिच्या घरी ग्रंथपाल म्हणून काम करणारा किरकोळ देहयष्टीचा गृहस्थ म्हणजे सिल्व्हिओ पेल्लिको. ऑस्ट्रियाच्या कैदेत दहा वर्षं काढून आला आणि त्या कैदेवर त्याने १८३२ साली लिहिलेलं पुस्तक युरोपभर वाचलं गेलं. तळघरात उतरण्यापूर्वी या दोघांना नमस्कार करा. वाइनच्या जाहिरातींत मार्केझाचं नाव मिरवतं, तिचे तुरुंग कोणी मिरवत नाही.

तळघरात वाइन बदललेली आहे. गोडवा गेला, बुडबुडे गेले. कोणी बदलली, यावर आजही भांडण आहे. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की लुई उदार नावाच्या फ्रेंच वाइनतज्ज्ञाने हे केलं. मार्केझाने त्याला बोलावून घेतलं आणि त्याने नेब्बिओलोला बोर्दोचे संस्कार दिले. अलीकडे जुन्या दप्तरांत डोकं घालून बसलेल्यांनी दुसरं नाव पुढे आणलंय: पाओलो फ्रांचेस्को स्तालिएनो, सैन्यातला अधिकारी. पिएमोंतेमध्ये वाइन कशी करावी आणि टिकवावी यावर त्याने १८३५ साली पुस्तिका काढली होती. पलीकडच्या ग्रिंझाने गावात तरुण जमीनदार कामिल्लो कावूरच्या तळघरातही त्याचा हात होता. माझं मत स्तालिएनोकडे झुकतं. मात्र श्रेय फ्रेंचाला की इटालियनाला, या वादात खरी गोष्ट बाजूला पडते. खरी गोष्ट साधी आहे. टाक्या घासूनपुसून स्वच्छ केल्या, झाकल्या, आणि आंबण्याचं काम साखर संपेपर्यंत पुरं होऊ दिलं.

कावूरबद्दल एक वाक्य, कारण तो आपल्याला परका नाही. सावरकरांच्या १९०७ सालच्या मॅझिनी-चरित्रामुळे इटलीच्या एकीकरणाची कथा मराठी घरांत पोचली, आणि त्या कथेत मॅझिनीच्या विरुद्ध टोकाला बसलेला धोरणी मुत्सद्दी तो हाच. १८३२ ते १८४९, सतरा वर्षं तो ग्रिंझानेचा महापौर होता आणि शेतीचा नाद त्याला मनापासून होता.

आता घोट घ्या. पहिल्या क्षणाला काही विशेष नाही; रंग पातळ, पलीकडची मेणबत्ती दिसावी इतका. मग गालांची आतली बाजू आखडते, जीभ टाळूला चिकटते, हिरड्या कोरड्या पडतात. भाजलेली नव्हे, कच्ची सुपारी चघळल्यावर तोंडाचं जे होतं ते. हे टॅनिन. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंडातलं वंगण काढून घेतं. नेब्बिओलोची गंमत अशी की त्याच्या सालीत रंग कमी आणि टॅनिन भरपूर. डोळ्यांना वाटतं हलकी वाइन आहे, तोंडाला कळतं की नाही. त्यात आंबटपणाही तितकाच. याला जाणकार वाइनचा सांगाडा म्हणतात, आणि साखर काढून घेतल्यावर मागे नुसता सांगाडाच उरला आहे.

यावर एकच इलाज, ठेवून देणं. मोठ्या पिंपांत, मग बाटलीत. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, काही तळाला बसतात, दात बोथट होतात. लाल रंग विटकरी होत जातो. चार-पाच वर्षांत ती पिण्याजोगी होते, दहा-पंधरा वर्षांत देखणी.

चार-पाच वर्षं! बाहेर उतारावर आपला अर्धेलीवाला उभा आहे. त्याला विचारा, चार वर्षं पीक घरात ठेवून थांबशील का? तो तुम्हाला वेडा समजेल. त्याला या हिवाळ्याचं मीठ घ्यायचंय. कोरडी, म्हणजे साखर न उरलेली बारोलो शोधून काढायला अक्कल लागली हे खरं, पण बनवायला लागली ती पदरची पुंजी. जिला थांबणं परवडतं ती मार्केझा, तो काउंट कावूर, आणि १८३८ साली वेर्दुनोची गढी विकत घेणारा राजा कार्लो आल्बेर्तो. म्हणून ही राजांची वाइन. दंतकथा अशी की राजाने चव मागितली तेव्हा मार्केझाने तोरिनोला पिंपं लादलेल्या तीनशे पंचवीस गाड्या पाठवल्या, वर्षाच्या दिवसागणिक एक, लेंटच्या उपासाचे चाळीस दिवस वगळून. हिशोब इतका चोख जुळतो की शंका यावी.

पुढची काही दशकं भराभर. १८५८ साली सेर्रालुंगाजवळची फोंतानाफ्रेद्दाची जमीन राजघराण्याकडे येते. वित्तोरिओ एमानुएले दुसरा तिथे आपल्या लाडक्या रोझाला, सैन्यातल्या एका ढोलवाल्याच्या मुलीला, ठेवतो. १८६१ साली तो इटलीचा राजा होतो. १८७८मध्ये त्यांचा मुलगा तिथे वाइनचा व्यवसाय उभारतो. १८८१ साली आल्बात वाइनचं सरकारी विद्यालय निघतं. मग अमेरिकेतून आलेला फिलॉक्सेरा नावाचा सूक्ष्म किडा युरोपभरच्या वेलींच्या मुळ्या खात खात इथवर पोचतो, आणि तोडगाही अमेरिकेचाच निघतो: खुंट अमेरिकन, वर कलम नेब्बिओलोचं. डॉगरिजच्या खुंटावर कलम भरणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कारण निराळं, क्षारांचं आणि पाण्याच्या ताणाचं, पण खुंटाचं कूळ अमेरिकेचंच.

१० ऑक्टोबर १९४४ला खाली आल्बात घंटा वाजताहेत. पार्टिझन टोळ्यांनी फॅसिस्टांकडून शहर घेतलंय. तेवीस दिवसांनी, २ नोव्हेंबरला, पावसात ते परत जाईल. बाविशीतला बेप्पे फेनोल्यो तेव्हा पार्टिझनांत होता. पुढे त्या तेवीस दिवसांवर त्याने लिहिलं, शौर्याला फुगवण न देता. पण मला तुम्हाला त्याच्या दुसऱ्या पुस्तकाची आठवण करून द्यायचीय, १९५४च्या ‘ला मालोरा’ची. त्यात लांगेतला एक बाप आपल्या पोराला वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून ठेवतो, कारण घरात खाणारी तोंडं जास्त. हे कादंबरीतलं नवल नव्हतं. या टेकड्यांवर पोरं अशी जात.

त्याच १९५४च्या ऑक्टोबरात आल्बाच्या द्राक्षबाजारात या. कान्नुबीवरून रात्रीच निघायला हवं, बैल हळू चालतात.

चौकात गाड्यांच्या रांगा लागल्यात. टोपल्यांत, पेट्यांत काळेनिळे घड, त्यांच्यावर मधमाश्या. आपला माणूस आता स्वतःच्या जमिनीचा मालक आहे, दोन-तीन हेक्टरचा. टोपी मागे सारून गाडीच्या दांडीवर बसलाय. सकाळी आठला दलाल येतो, घड हातात घेऊन उलटा करतो, एक मणी तोंडात टाकतो, काही न बोलता पुढे जातो. दहा वाजता दुसरा येतो. तो भाव बोलतो. भाव असा की आपला माणूस मान फिरवतो. दुपारी ऊन चढतं. खालच्या थरातले मणी फुटून पेटीच्या फटीतून रस ठिबकू लागतो. ठिबकणारा प्रत्येक थेंब वजनातून वजा होतो, आणि पेटीत आंबायला सुरुवात झाली की माल गेला. पहिला दलाल चारला परत येतो.

“काका, आज आवक फार झाली.”

“सकाळी का नाही बोललास?”

“सकाळी मला घाई नव्हती.”

आणि आता तुला आहे, हे तो बोलत नाही. अडला हरी. पडेल भावाने माल जातो, दलालाचा हात हातात घेऊन व्यवहार पक्का होतो. ती द्राक्षं संध्याकाळी एका मोठ्या पेढीच्या आवारात दहा गावच्या द्राक्षांत ओतली जातील आणि कान्नुबीचं नाव तिथेच संपेल. चार वर्षांनी जी बाटली बाहेर पडेल तिच्यावर पेढीचं नाव असेल. आपल्या माणसाने ती कधी चाखलेली नसेल. घरी तो दोल्चेत्तो पितो. ती द्राक्षं लवकर पिकतात आणि वाइन पुढच्या वसंतात पिता येते.

बाजारातून बाहेर पडल्यावर एका भिंतीपलीकडून भाजलेल्या हेझलनटचा वास येतो. हा फेरेरोचा कारखाना, १९४६चा. १९६४ साली इथून नुटेला बाहेर पडेल. कारखान्याच्या बसगाड्या पहाटे टेकड्यांवरच्या गावागावांतून माणसं उचलतील आणि संध्याकाळी सोडतील. महिन्याच्या महिन्याला पगार, गारपिटीची धास्ती नाही. लांगेतल्या मुली पदवीधर शोधत नव्हत्या, त्यांना फक्त चिखलात नांदायचं नव्हतं. मग टेकड्यांवरचे चाळिशीतले ब्रह्मचारी ‘बाचाले’ म्हणजे लग्न जुळवणाऱ्याला गाठत, आणि तो दूर दक्षिणेतल्या कालाब्रियातून त्यांच्यासाठी वधू आणी. तिथली गरिबी याहून जुनी होती. भाषा वेगळी, हवामान वेगळं, फोटोवरून ठरलेलं लग्न. नुतो रेवेल्ली या लेखकाने अशा कितीतरी बायकांच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून टिपून घेतल्या. धुक्याच्या सकाळी चुलीपाशी बसलेली ती एकवीस वर्षांची कालाब्रेझ मुलगी दिसली, तर तिच्याशी दोन शब्द बोला. घरात तिचं बोलणं कोणाला कळत नाही.

१९६१च्या पिकाची बारोलो वाइनवाले बेप्पे कोल्ला यांनी बुस्सिया या एकाच टेकडीचं नाव लावून बाटलीत भरली. दिसायला छोटी गोष्ट. पण आल्बाच्या चौकात दर ऑक्टोबरला जे पुसलं जात होतं ते या कागदाच्या चिठ्ठीने परत लिहायला घेतलं. रेनातो रात्ती यांनी पुढे टेकड्यांचा नकाशाच काढला. १९६६ आणि १९८० साली सरकारी दर्जे मिळाले. ते सोडून आपण करवतीकडे जाऊ.

१९८३, ला मोर्रा गावाच्या अंगाला आनुंझियाता वस्ती. कान्नुबीवरून दिसते, म्हणून मी नियम थोडा वाकवतोय. आवारात एक तिशीतला माणूस चेनसॉ चालू करून बापाची जुनी पिंपं कापतोय. एलिओ आल्तारे. १९७६ साली तो फ्रान्समधल्या बुर्गुन्यीला गेला होता. तो सांगतो की झोपायला स्वतःची फियाट ५०० होती, आणि तिथला आपल्याएवढीच जमीन असलेला वाइनवाला पोर्शमधून फिरत होता. परत येऊन त्याने हिरवे घड छाटून जमिनीवर टाकायला सुरुवात केली, म्हणजे उरलेल्यांना जोर येईल. उपासमार पाहिलेल्या पिढीसमोर कोणी पिकणारं फळ मातीत टाकावं! आणि आता पिंपं. भुसा उडतोय, लाकडातून वर्षानुवर्षांची आंबट घाण बाहेर पडतेय. बाप दारात उभा आहे. त्याने मुलाला वारसाहक्कातून काढून टाकलं.

कापलेल्या पिंपांच्या जागी आलं ते ‘बारीक’, म्हणजे २२५ लिटरचं नव्या ओकचं फ्रेंच पिंप. जुन्या पद्धतीत साली रसात महिना-दोन महिने बुडवून ठेवत. नव्यांनी फिरत्या टाक्यांत ते काम काही दिवसांवर आणलं. वाइन गडद, मऊ, व्हॅनिलाच्या वासाची आणि लवकर पिण्याजोगी झाली. अमेरिकेतले ग्राहक तुटून पडले. जुन्यांनी याला पाखंड म्हटलं आणि वर्तमानपत्रांनी ‘बारोलो युद्ध’ असं नाव दिलं. एक गोष्ट मात्र विसरू नका. नव्यांपैकी बहुतेक जण बाजारात संध्याकाळपर्यंत बसलेल्या बापांचे मुलगे होते. त्यांनी घाई केली ती चवीसाठी तर होतीच, पण थांबायला पैसे नव्हते म्हणूनही. मला जुन्या पद्धतीची वाइन आवडते आणि तरीही त्या आवारात मी करवतीच्या बाजूला उभा राहीन.

विरुद्ध बाजूचा सेनापती बारोलो गावातच राहतो. १९९९. बार्तोलो मास्कारेल्लो व्हीलचेअरवर बसून बाटल्यांच्या चिठ्ठ्या हाताने रंगवतोय. एकीवर लिहिलंय, ‘बारीक’ नको, बेर्लुस्कोनी नको. कान्नुबीत त्याच्या वेली आहेत, पण तो एकट्या कान्नुबीची बाटली काढत नाही. चार जागांची द्राक्षं एकत्र करतो, कारण त्याच्या वडिलांनी तसंच केलं. टेकड्यांची नावं विकायला निघालेल्या जगात हा माणूस नाव असून झाकतो. आठवणीत ठेवा की त्याच्या घराला स्वतःच्या नावाने बाटली भरणं आधीच्या पिढीपासून जमत होतं. युद्ध पुढे आपोआप विझलं. नव्यांनी मोठी पिंपं परत आणली, जुन्यांनी तळघरं स्वच्छ केली.

आता आजची कान्नुबी. २०१४पासून हा सगळा मुलूख युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. अधिकृत जागांच्या नोंदी १८१ झाल्यात, आणि कान्नुबी हे नाव नेमकं किती उताराला लावायचं यावर वरच्या न्यायालयापर्यंत खटला गेला. चांगल्या उताराचा हेक्टर दहा लाख युरोंच्या वर जातो. ऑक्टोबरच्या शेवटी धुक्यात चालणारी तोडणी आता कित्येकदा त्याआधीच उरकते, उन्हाळे तापलेत. घड उतरवणाऱ्या टोळीत उत्तर मॅसेडोनियाचे, आफ्रिकेतले मजूर आहेत. काहींना मजुरी दिवसाची मिळते, काहींना मधल्या ठेकेदाराने कापून उरलेली. आपला तो अर्धेलीवाला आज यांच्यात आहे. त्याच्या जुन्या जमिनीवरचा नातू आवारात ट्रॅक्टर धुतोय आणि तुम्हाला हात करतोय.

तो तळघर दाखवतो. कायदा सांगतो: निव्वळ नेब्बिओलो, तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून अडतीस महिने ठेवायची, त्यातले अठरा लाकडात, रिझेर्वा म्हणायची तर बासष्ट. म्हणजे कोणत्याही क्षणी या छताखाली तीन-चार वर्षांचं पीक विकलं न गेलेलं उभं असतं, खर्च होऊन बसलेला आणि हातात छदाम नाही. “आजोबांना दलाल थांबवायचा,” तो म्हणतो, “मला बँक थांबू देते. व्याज घेते.”

तुमच्याकडे मात्र काळाची चावी आहे. तेव्हा जरा लबाडी करू. नोव्हेंबर २०१०मध्ये जाऊन टाकीतून घोट घ्या. रंग जांभळट, दात आंबतात, जीभ आक्रसते, थुंकायचं तर थुंका. इथे त्यात अपमान नाही. मग १ जानेवारी २०१४ला या. अडतीस महिने आज पुरे झालेत, बाटली विकायला कायद्याने मोकळी. वाळलेल्या गुलाबाचा वास आणि त्याच्यामागे डांबराचा, दोन्ही एकत्र. ऐकायला विचित्र, पण नाकाला पटतं. तुरटपणा अजून दार अडवून उभा आहे. आता परत आजमध्ये. त्याच वर्षाची बाटली नातू मागच्या फळीवरून काढतो, धूळ पुसतो, बूच ओढतो. पेल्यात ओतल्यावर कडेला विटकरी झाक दिसते. तुम्ही पेला उचलता, तो तुमच्या मनगटावर हात ठेवतो.

“आत्ता नको. हवा लागू दे, दोन तास.”

आणि दिवा चालू ठेवून तो जेवायला वर निघून जातो.